शत्रूचा शत्रू : फ्रान्स-अमेरिका युती, १७७८ ते १८००

६ फेब्रुवारी १७७८ रोजी पॅरिसमध्ये दोन तहांवर सह्या झाल्या. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या वतीने जेरार नावाच्या अधिकाऱ्याने सही केली. समोर बेंजामिन फ्रँकलिन, सायलस डीन आणि आर्थर ली हे तिघे होते. त्यांच्या देशाला तोवर युरोपातल्या एकाही मोठ्या सत्तेने मान्यता दिलेली नव्हती. एक तह व्यापाराचा होता, दुसरा युतीचा. या पुस्तकाला खरी गरज आहे ती युतीच्या तहातल्या दोन कलमांची. आठव्या कलमाप्रमाणे, दुसऱ्याच्या संमतीवाचून कोणीही इंग्लंडशी परस्पर तह करायचा नव्हता. अकराव्या कलमात दोघांनी एकमेकांच्या अमेरिका खंडातल्या मुलखाची हमी घेतली होती, आणि ती हमी कायमची होती.

पाच वर्षे उलटायच्या आत आठवे कलम वाऱ्यावर गेले. अकरावे पाळायची वेळ १७९३ मध्ये आली, तेव्हा ते बाजूला ठेवले गेले. १७९८ च्या जुलैत अमेरिकी काँग्रेसने कायदा करून फ्रान्सबरोबरचे सगळे तह रद्द ठरवले आणि दोन्ही देशांची जहाजे समुद्रावर एकमेकांवर तोफा डागू लागली. कायमच्या युतीचे आयुष्य बावीस वर्षांचे ठरले.

ही हकिकत बहुतेक वेळा कृतज्ञता आणि कृतघ्नतेच्या भाषेत सांगितली जाते. फ्रान्सने मदत केली आणि अमेरिका विसरली, असे फ्रेंच लेखक म्हणतात. फ्रान्सने मदत केली ती स्वतःच्या सुडासाठी, असे अमेरिकी लेखकांचे उत्तर असते. दोन्ही बाजूंना पुरावा आहे, म्हणून वाद संपत नाही. मला हा वाद मुळातच अपुरा वाटतो, कारण त्यात सही करणारे दोघेच दिसतात. युतीचे ओझे मात्र त्या दोघांपेक्षा, त्या मेजाभोवती ज्यांना जागाच नव्हती अशांच्या खांद्यांवर जास्त पडले. फ्रान्समधला कर भरणारा शेतकरी, न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडचे इरोक्वा लोक, सॅन-दोमँगच्या उसाच्या मळ्यांतले गुलाम, बोस्टन-फिलाडेल्फियाचे जहाजमालक आणि आपल्याकडचे पुणे व श्रीरंगपट्टण हे सगळे त्यात येतात. त्यांना वगळून या युतीचा हिशेब लागत नाही.

सुरुवात १७७८ च्या बरीच आधी करावी लागते. १७५४ मध्ये बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन व्हर्जिनियाच्या तुकडीचा अधिकारी होता. ओहायो नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीने फ्रेंचांच्या एका पथकावर हल्ला केला आणि त्यात जुमोनव्हिल हा फ्रेंच अधिकारी मारला गेला. पुढे फोर्ट नेसेसिटीला फ्रेंचांनी वॉशिंग्टनला वेढले. भर पावसात, रात्री, त्याने शरणागतीच्या कागदावर सही केली. तो कागद फ्रेंचमध्ये होता, त्याला ती भाषा येत नव्हती आणि त्यात जुमोनव्हिलचा खून झाल्याची कबुली होती. या चकमकीतून पेटलेले युद्ध पुढे सप्तवार्षिक युद्धाला जाऊन मिळाले. त्याच्या शेवटी, १७६३ च्या तहाने, फ्रान्सच्या हातून कॅनडा गेला.

न्यू इंग्लंडच्या लोकांच्या मनात फ्रान्सची जी प्रतिमा होती ती इथे लक्षात घ्यायला हवी. फ्रेंच म्हणजे कॅथलिक, पोपचे अनुयायी, उत्तरेकडून येऊन गावे जाळणारे. बोस्टनमध्ये दर ५ नोव्हेंबरला पोपचा पुतळा जाळण्याची रीत होती. १७७५ मध्ये वॉशिंग्टनने आपल्या फौजेला ती पाळायला मनाई केली, कारण कॅनडातल्या कॅथलिकांना आपल्या बाजूला वळवायचे होते. अशा लोकांनी अडीच वर्षांत फ्रान्सच्या राजाचा जयजयकार केला. मन एवढ्या लवकर बदलत नसते. बदलली होती ती निकड. बंदुकीची दारू बनवण्याची सोय वसाहतींमध्ये फारच तोकडी होती, तोफा नव्हत्या आणि आरमार जवळजवळ नव्हतेच.

फ्रान्सच्या बाजूने ही मसलत ज्याने चालवली तो परराष्ट्रमंत्री व्हर्जेन या पुस्तकातला मध्यवर्ती माणूस आहे. त्याला लोकशाहीचे प्रेम नव्हते, बंडखोरांविषयी जिव्हाळाही नव्हता. वसाहती तुटल्या की इंग्लंडचा व्यापार खचेल, व्यापार खचला की आरमार खचेल आणि युरोपात फ्रान्सचा शब्द पुन्हा चालू लागेल, हा त्याचा हिशेब होता. त्याला विरोध केला तो अर्थमंत्री तुर्गो याने. तुर्गोचे म्हणणे होते की, अमेरिका आज ना उद्या स्वतंत्र होणारच, त्यासाठी फ्रान्सने युद्धात पडण्याचे कारण नाही. तिजोरीची घडी बसवण्याची संधी आली आहे, ती युद्धाने कायमची जाईल. १७७६ च्या मे महिन्यात तुर्गोला पदावरून दूर करण्यात आले. त्याला घालवण्यामागे दरबारातली इतरही कारणे होती. पण त्याच महिन्यात राजाने बंडखोरांसाठी गुपचूप दहा लाख लिव्र मंजूर केले, हे ध्यानात ठेवावे. तुर्गोचे इशारे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. पुढे जे झाले ते या माणसाला आधी दिसले होते आणि त्याचे कोणी ऐकले नाही.

ते दहा लाख पोचवण्याचे काम नाटककार बोमार्शे याच्याकडे आले. ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ लिहिणाऱ्या या माणसाने एक बनावट व्यापारी पेढी काढली आणि स्पेनच्या राजानेही तिच्यात तेवढीच रक्कम घातली. राजाच्या शस्त्रागारातल्या तोफा, बंदुका, तंबू, गणवेश या पेढीच्या नावाने जहाजांवर चढू लागले. सॅराटोगाला १७ ऑक्टोबर १७७७ रोजी इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला, त्या मोहिमेत अमेरिकी फौजेच्या हातात यातली बरीच सामग्री होती. ही बातमी डिसेंबरच्या सुरुवातीला पॅरिसला पोचली आणि दोन महिन्यांत तह झाला. फ्रँकलिनचा सचिव बँक्रॉफ्ट इंग्रजांचा हेर होता. पॅरिसच्या त्वीलरी बागेतल्या झाडाच्या पोकळीत बाटली ठेवून तो खबरा पोचवत असे. लंडनला तहाची माहिती होती, तरी काही करता आले नाही. बँक्रॉफ्टचे बिंग फुटायला पुढे शंभर वर्षे लागली.

स्पेनचे प्रकरण मी मुद्दाम विस्ताराने घेतले आहे, कारण युतीच्या गाठी कशा एकात एक बसत जातात ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. स्पेनला अमेरिकेचे स्वातंत्र्य नको होते. स्वतःच्या अमेरिकी वसाहतींनी उद्या तेच मागितले तर काय, ही त्याची धास्ती होती. त्याला हवे होते जिब्राल्टर. म्हणून स्पेनने एप्रिल १७७९ मध्ये अरान्हुएथ येथे फक्त फ्रान्सशी करार केला, आणि त्यात जिब्राल्टर मिळाल्याशिवाय फ्रान्सने तह करायचा नाही अशी अट घातली. आता हे १७७८ च्या आठव्या कलमाशेजारी ठेवून पाहा. अमेरिका फ्रान्सला बांधलेली, फ्रान्स स्पेनला आणि स्पेन भूमध्य समुद्राच्या तोंडावरच्या एका खडकाला. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याचे स्वातंत्र्य, त्याला न विचारता, जिब्राल्टरच्या वेढ्यात गुंतवले गेले. तो वेढा साडेतीन वर्षांहून अधिक चालला आणि फसला.

एरवी स्पेनची मदत मोठी होती. १७८१ च्या उन्हाळ्यात फ्रेंच आरमाराचा सेनापती द ग्रास याला पैशाची नड होती. स्पॅनिश अधिकारी साव्हेद्राच्या खटपटीने हवानातून पाच लाख पेसो उभे राहिले. द ग्रासचे आरमार चेसापीकच्या खाडीत शिरले, ५ सप्टेंबरच्या लढाईनंतर इंग्रज आरमार मागे फिरले आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज शरण आली. वेढ्याचे शास्त्र, अवजड तोफा आणि समुद्राची नाकेबंदी ही तिन्ही मुख्यतः फ्रान्सची होती. वॉशिंग्टनचे मोठेपण यात कमी होत नाही. न्यूयॉर्कवर चाल करण्याचा आपला हट्ट सोडून तो फ्रेंच सेनापती रोशाम्बोबरोबर शेकडो मैल दक्षिणेला गेला, हेच त्याचे मोठेपण.

मराठी वाचकाला या युद्धाची एक बाजू आधीच ठाऊक असते, पण ती वेगळ्या पुस्तकातली म्हणून. सँ लुबँ हा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यात आला आणि नाना फडणिसांनी त्याला ठेवून घेतले. त्याच्या शब्दाला फ्रान्सच्या दरबारात फारसे वजन नव्हते. नानांना ते कितपत उमगले होते हा प्रश्नच आहे, मात्र इंग्रजांना भिवविण्यासाठी त्याचा उपयोग होता. मुंबईकर आणि कलकत्तेकर इंग्रजांनीही पुण्यावर चालून जाण्याचे कारण म्हणून तोच धाक पुढे केला. फ्रान्सने अमेरिकेशी हात मिळवल्यावर युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १७७८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, मार्च १७७९ मध्ये मलबारातले माहे. माहेच्या बंदरातून म्हैसूरच्या हैदर अलीची युद्धसामग्री येत असे. हैदर चिडला. १७८० मध्ये नाना, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध एकत्र आले, त्यामागे वडगावची लढाई आणि राघोबादादांचे राजकारण जसे होते तसेच माहेही होते.

१७८२ हे साल तर शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे लागते. १७ मे रोजी सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठ्यांचा इंग्रजांशी तह झाला. हैदर अजून कर्नाटकात लढत होता, आणि त्याने जिंकलेला मुलूख परत द्यावा असे कलम त्याच्या दोस्तांनी परस्पर मान्य केले. त्याच तहाने मराठ्यांच्या राज्यात फ्रेंचांना वखार घालायला जागा ठेवली नाही. नानांनी मोहोर करायला वेळ लावला. डिसेंबरात हैदर वारला आणि त्याच महिन्यात तहाला पुण्याची संमती मिळाली. इकडे हे चालले असताना पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील आपल्या दोस्ताला बाजूला ठेवून इंग्रजांशी बोलत होते.

तो भाग या पुस्तकात सर्वांत लांबला आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. १७८१ मध्ये काँग्रेसने आपल्या वकिलांना आज्ञा दिली होती की, तहाच्या बोलण्यात फ्रान्सच्या मंत्र्यांच्या सल्ल्याने चाला. त्या वकिलांपैकी जॉन जे याला ही आज्ञा अपमानाची वाटत होती. सप्टेंबर १७८२ मध्ये व्हर्जेनचा सचिव रेनव्हाल गुपचूप इंग्लंडला गेल्याचे त्याला कळले, आणि अॅपलेशियन डोंगरांपलीकडचा मुलूख अमेरिकेला मिळू नये अशी फ्रान्स-स्पेनची खटपट आहे अशी त्याची खात्री झाली. संशय निराधार नव्हता, पूर्ण खराही नव्हता. दुसरा वकील जॉन अॅडम्स येऊन जेच्या बाजूला उभा राहिला, फ्रँकलिननेही मान डोलावली आणि ३० नोव्हेंबर १७८२ रोजी इंग्लंडशी कच्च्या तहावर सह्या झाल्या. व्हर्जेनला कळवले गेले ते आदल्या दिवशी. फ्रान्स-इंग्लंडचा तह झाल्याशिवाय हा लागू होणार नाही असे एक वाक्य त्यात होते, म्हणून आठवे कलम अक्षरशः मोडले नाही असे म्हणता येई. अर्थाने ते मोडले होते.

व्हर्जेनने नाराजीचे पत्र लिहिले. फ्रँकलिनचे १७ डिसेंबरचे उत्तर मुत्सद्देगिरीच्या इतिहासात वारंवार वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडून शिष्टाचारात कसूर झाली हे त्याने मान्य केले, राजाविषयीचा आदर सांगितला. मग हळूच सुचवले की, आपल्यात फूट पडली असे इंग्रजांना वाटते आहे, त्यांचा तो समज खोटा ठरावा. म्हणजे भांडण उघड केले तर फायदा शत्रूचा. वर नव्या कर्जाची मागणी उभीच होती. फ्रान्सने साठ लाख लिव्रचे कर्ज दिलेसुद्धा. व्हर्जेनपुढे पर्याय नव्हता, आणि खरे तर जिब्राल्टरच्या अटीतून सुटायला अमेरिकेचा हा उतावळेपणा त्याच्याही पथ्यावर पडला. दोस्त दगा देतो तेव्हा दुसऱ्याला त्यात काय लाभ झाला तेही पाहावे, हे मी याच प्रकरणातून शिकलो.

३ सप्टेंबर १७८३ च्या पक्क्या तहाने अमेरिकेची हद्द मिसिसिपी नदीपर्यंत गेली. त्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांचा तहात उल्लेखही नाही. इरोक्वांच्या सहा राष्ट्रांची युद्धात फाळणी झाली होती. थायेंडेनेगियाच्या नेतृत्वाखालचे मोहॉक इंग्रजांकडून लढले, ओनायडा अमेरिकेकडून. १७७९ मध्ये अमेरिकी सेनापती सलिव्हनच्या फौजेने इरोक्वांची सुमारे चाळीस गावे आणि मक्याची उभी शेते जाळली. इंग्रजांच्या दोस्तांना इंग्रजांनी सोडले, आणि अमेरिकेच्या दोस्त ओनायडांची जमीनही पुढच्या काही दशकांत जवळजवळ सगळी गेली. युरोपच्या दरबारांतल्या नाराजीपत्रांवर शेकडो पुस्तके आहेत, ओनायडांच्या वाट्याला त्यातली फार थोडी पाने येतात. म्हणून त्यांना इथे एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

इकडे हिंदुस्थानात, कडलूरच्या किनाऱ्यावर, २० जून १७८३ रोजी फ्रेंच सेनापती सुफ्रां आणि इंग्रज सेनापती ह्यूज यांची आरमारे शेवटची भिडली. युरोपात शस्त्रसंधी होऊन पाच महिने झाले होते आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. बातमी आली, फ्रेंच फौजेने लढणे थांबवले आणि हैदरचा मुलगा टिपू एकटा पडला. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि १७९० मध्ये त्याने पुणे व निजामाला बरोबर घेऊन त्याच टिपूविरुद्ध युती उभी केली. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके त्या मोहिमेत होते.

फ्रान्सला काय मिळाले? टोबॅगो, सेनेगल आणि सुडाचे समाधान. इंग्लंडचा अमेरिकेशी व्यापार काही वर्षांतच पुन्हा फोफावला, व्हर्जेनचा मूळ हिशेब तिथेच चुकला. खर्च शंभर कोटी लिव्रच्या वर गेला होता, आणि अर्थ खाते सांभाळणाऱ्या नेकरने तो बहुतांशी कर्जातून भागवला होता. १७८८ पर्यंत राजाच्या वार्षिक खर्चापैकी निम्म्याच्या आसपास रक्कम कर्ज फेडण्यात जाऊ लागली. नवे कर बसवायचे तर सरदार-धर्मगुरू सवलती सोडायला तयार नव्हते, म्हणून ५ मे १७८९ रोजी एस्टेट्स जनरल ही तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरवावी लागली. अमेरिकेच्या युद्धाने फ्रेंच क्रांती झाली, असे म्हणणे फार सोपे होईल. पण तिजोरीचे संकट इतके लवकर आणि इतके तीव्र का झाले, याच्या उत्तरात हे युद्ध पहिल्या ओळीत येते.

२१ जानेवारी १७९३ रोजी लुईचा शिरच्छेद झाला. ज्याच्याशी तह केला तोच गेला, तर तह उरतो का? आता अध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात यावर झालेला वाद आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. अर्थमंत्री हॅमिल्टनचे म्हणणे, राज्यव्यवस्था बदलली की करार तहकूब ठेवता येतो, शिवाय युद्ध फ्रान्सने पुकारले आहे आणि हमी फक्त बचावाच्या युद्धापुरती आहे. परराष्ट्रमंत्री जेफरसनचे म्हणणे, तह राष्ट्रांमध्ये होतात, राजांमध्ये नव्हे. तत्त्वात जेफरसन जिंकला, व्यवहारात हॅमिल्टन. तह कायम राहिला आणि २२ एप्रिलला वॉशिंग्टनने तटस्थतेची घोषणा केली. फ्रान्सचा नवा वकील जने त्याच महिन्यात येऊन अमेरिकी बंदरांतून इंग्रज जहाजे लुटणारी गलबते सज्ज करू लागला. शेवटी जेफरसनलाही त्याला परत बोलवा म्हणावे लागले. मायदेशी गिलोटिन वाट पाहत असल्याने जनेने अमेरिकेतच आश्रय घेतला.

अकराव्या कलमातला फ्रेंच मुलूख म्हणजे मुख्यतः कॅरिबियनमधली साखरेची बेटे. त्यातल्या सर्वांत श्रीमंत सॅन-दोमँगमध्ये ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. वॉशिंग्टनच्या सरकारने मळेवाल्यांना पैसे दिले, फ्रान्सचे देणे होते त्यातूनच वळते करून. आठ वर्षांनी अॅडम्सच्या सरकारने, फ्रान्सशी भांडण असल्यामुळे, मुक्त झालेल्या गुलामांचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर याच्याशी व्यापाराचा करार केला आणि अमेरिकी युद्धनौका त्याच्या मदतीला गेल्या. जेफरसन अध्यक्ष झाल्यावर ती मदत आटली. मुक्त झालेल्या गुलामांकडे पाहण्याची दृष्टी फ्रान्सशी असलेल्या संबंधांच्या मापाने ठरत गेली. या पुस्तकातले सर्वांत वेदनादायक कागद मला याच विषयात सापडले.

त्यानंतरची घसरण थोडक्यात सांगता येते. १७९४ मध्ये जॉन जेने इंग्लंडशी तह केला, फ्रान्सला तो दगा वाटला आणि फ्रेंच गलबतांनी अमेरिकी व्यापारी जहाजे पकडायला सुरुवात केली. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ याच्या दलालांनी अमेरिकी वकिलांकडे लाच मागितली. १७९८ पासून दोन वर्षे जाहीर न केलेले सागरी युद्ध चालले. ३० सप्टेंबर १८०० च्या मोर्तफोंतेनच्या कराराने ते मिटले आणि त्याबरोबर युतीही संपली. युरोपातल्या देशांशी असा बांधील करार अमेरिकेने शांततेच्या काळात केला तो १९४९ मध्ये, उत्तर अटलांटिक करारात.

मोर्तफोंतेनच्या देवाणघेवाणीत एक बाब होती. फ्रान्सने १७७८ च्या हमीचा आग्रह सोडला आणि अमेरिकेने पकडलेल्या जहाजांच्या भरपाईचा दावा सोडला. सरकारचे ओझे उतरले, पण ती जहाजे सरकारची नव्हती. जहाजमालक आणि विमा उतरवणारे यांनी मग स्वतःच्याच सरकारकडे भरपाई मागितली. काँग्रेसने मंजूर केलेली विधेयके १८४६ मध्ये अध्यक्ष पोकने आणि १८५५ मध्ये पिअर्सने अडवली. हे दावे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला तो १८८५ मध्ये, आणि तेव्हा कैफियत मांडायला उभे होते ते त्या जहाजमालकांचे वारसदार. शेवटचे प्रकरण त्यांच्या अर्जांवर आहे.